माळ्यावर अडकलेलं जपानी विमान

माळ्याच्या तोंडातून खाली उतरणार नाही एवढ्या रुंद पंखांचं विमान मी माळ्यावर बसून बनवलं.

यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही. मापं मी घेतली, आकृती मी काढली, करवत मी चालवली आणि सगळं झाल्यावर दोन पावलं मागे सरून "वा!" तेही मीच म्हणालो. चुकलं ते एवढंच, की माळ्याच्या तोंडाची चौकट मी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजली. चौकटीचं लाकूडही थोडी जागा खातं, हे ध्यानात यायला भाचीच्या हळदीचा दिवस उजाडावा लागला. मी भिवंडीत यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. गिऱ्हाईक दुकानात आलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "शेठ, आतलं माप सांगा, बाहेरचं नको."

पण लग्नघरात जपानी लढाऊ विमान शिरलं कसं, ते आधी सांगायला हवं.

माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी, यांचा भिवंडीत छोटा कारखाना होता. दाजी गेले आणि त्यांच्यामागे लूमही भंगारात गेले. कारखान्याची जागा ताईने एका पार्सलवाल्याला गोदामासाठी भाड्याने दिली. माळा तेवढा घरच्यांकडे राहिला, आणि माळ्यावर राहिले दाजींचे धोटे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकूड. दोन्ही टोकांना निमुळतं, टोकांवर लोखंडी बोंडं, पोटात सुताच्या कांडीसाठी खोबण. आता बिनधोट्यांचे माग आलेत, त्यामुळे माझ्या दुकानातही धोट्यांच्या जागी पॅकिंगची टेप आहे. पण दाजींचे धोटे त्यांच्या हाताने घासून घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. ते भंगारात द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि ठेवून त्यांचं करायचं काय हेही सुचलं नाही.

सुचलं भाचीला. लग्न ठरलं, पडघ्याचा मुलगा. रुखवतात काय काय मांडायचं याची बायकांची चर्चा रंगात आली होती. कुणी साखरेचा बंगला म्हणतंय, कुणी मोत्यांची तुळस. मधेच ती म्हणाली, "मला बाबांच्या धोट्यांचं विमान हवंय. मामा करेल. झिरो. एकवीस नंबरचं."

माझी बायको म्हणाली, "लग्नात लढाऊ विमान? अगं, संसार तरी सुरू होऊ दे."

एकवीस नंबर ही भाषा त्या पोरीला मी शिकवलेली. त्याला कारण झाली रद्दी. आमच्याकडे रद्दीच्या गोदामात जगभरचा कागद येऊन पडतो. सुटे भाग गुंडाळायला मी तिथून ओझी उचलायचो. एकदा त्यात एक फाटकं पुस्तक निघालं, सगळं जपानीत. अक्षर एक कळेना, पण पानोपानी विमानांच्या आकृत्या होत्या. वरून, बाजूने, पोटाखालून. त्या दिवशी मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना हुं हुं करत तेच बघत राहिलो. एका विमानाच्या पंखांची टोकं गोल होती. पुढच्या पानावर तेच विमान, पण टोकं सरळ छाटलेली. माझा निष्कर्ष असा की छापखान्यातल्या कटरने पान जास्त कापलं.

वर्षानुवर्षं मी हे मत बाळगून होतो. पुढे मोबाइल आला, वाचायला मिळालं, तेव्हा कळलं की हे दुसऱ्या महायुद्धातलं झिरो, गोल टोकांचं एकवीस नंबरचं आणि छाटलेलं बत्तीस नंबरचं. त्याचे पंख जपान्यांनी स्वतःच छाटले होते. आणि गंमत बघा, समोरच्या फौजेने ते छाटकं विमान आकाशात पाहिलं तेव्हा त्यांना ते नवंच विमान वाटलं. त्यांनी त्याला वेगळं नाव देऊन टाकलं. मग पडलेलं एक हाती लागलं, उघडून बघतात तर आत तेच जुनं झिरो. म्हणजे एवढ्या मोठ्या फौजेची आणि माझी अक्कल साधारण एकाच मापाची निघाली. त्या दिवशी मी बायकोला पेढे आणले. कशाबद्दल ते काही सांगितलं नाही.

दुसरा घोटाळा आकड्यांचा. एकवीसनंतर बत्तीस आलं, हे ठीक. पण बत्तीसनंतर बावीस? मी ते छपाईची चूक समजून पेन्सिलीने दुरुस्तही केलं होतं. खरा हिशेब वेगळाच होता. पहिला आकडा सांगाड्याचा, दुसरा इंजिनाचा. एकवीसच्या इंजिनाच्या जागी जोरदार इंजिन बसवलं आणि पंख छाटले, तेव्हा दोन्ही आकडे बदलले, बत्तीस झालं. ते सूर मारताना वेगवान झालं, कुशीवर पटकन वळायला लागलं, पण लांबचा पल्ला गेला. मोठ्या इंजिनाने जागा खाल्ली, इंधनाची टाकी लहान झाली. इकडे लढाई तर दूरदूरच्या बेटांवर. मग पंख पुन्हा पहिल्यासारखे लांब केले, त्यात टाक्या वाढवल्या, इंजिन नवंच ठेवलं. सांगाडा जुन्या आकड्यावर आला, इंजिन दोन नंबरचंच. म्हणून बावीस.

हे सगळं मी दाजींना त्यांच्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात ओरडून सांगायचो. लहानगी भाची कापडाच्या ताग्यावर बसून ऐकायची. दाजी धागा जोडता जोडता म्हणायचे, "सांगाडा एकाचा, मोटर दुसऱ्याची. मग माझ्या तीन नंबरच्या लूमला काय आकडा देशील?" त्या लूमला त्यांनी विहिरीच्या पंपाची मोटर बसवलेली होती. त्यांचं सगळ्यात आवडतं विमान मात्र झिरो नव्हतं. जपानी लष्कराचं एक लांब नाकाचं विमान होतं, हिएन. त्याचं इंजिन पाण्याने थंड होणारं, नाजूक, बनवायला कठीण. शेवटी शेवटी इंजिनंच मिळेनात. धडं तयार, रांगेत उभी, नाकाच्या जागी भोक. मग कुणीतरी त्यात हवेने थंड होणारं जाडजूड गोल इंजिन कोंबलं आणि विमान आधीपेक्षा भरवशाचं झालं. हे ऐकून दाजींनी चालू लूम थांबवला. चालू लूम थांबवलेला मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय. "बघ," ते म्हणाले, "जपान्यांनापण पंपाची मोटर सुचली."

झिरोचं त्यांना पटायचं नाही. ते इतकं हलकं कसं, हे मी मोठ्या कौतुकाने सांगत होतो. सांगाड्याला भोकं पाडून वजन कमी केलेलं, वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा नाही, टाकीला गोळी लागली तर भोक बुजवणारं अस्तर नाही. म्हणून तर ते जागच्या जागी वळायचं आणि समुद्र पार करून यायचं. दाजी म्हणाले, "म्हणजे पोरगा जोरात पळावा म्हणून थंडीत त्याला उघडा पाठवला." आकृत्यांमध्ये हे दिसत नाही. त्यानंतर झिरोचं कौतुक करताना माझा आवाज आपोआप थोडा खाली यायला लागला.

आणि बिजागरी. एकवीस नंबरची खरी खूण तीच. विमानवाहू जहाजाच्या पोटात विमानं ठेवायची आणि लिफ्टने वर आणायची. लिफ्ट अरुंद, पंख रुंद. म्हणून पंखाच्या टोकांचा हातभर भाग बिजागरीवर बसवला. टोकं वर दुमडायची, विमान लिफ्टमध्ये, वर गेल्यावर टोकं सरळ. भाची हे ऐकून जेवताना भाकरीच्या दोन्ही कडा दुमडायची आणि "लिफ्ट, लिफ्ट" करत ती ताटातून वाटीत उतरवायची. ताई मला म्हणायची, "पोरीला धड जेवू तरी दे."

तर असा हा सगळा शिकलासवरला मी, ताईच्या माळ्यावर विमान करायला बसलो. घरी करायची सोय नव्हती. "लाकडाचा भुसा माझ्या पिठात नको," अशी बायकोची ताकीद होती. तीन धोटे एकापुढे एक जोडून धड केलं. सगळ्यात पुढच्या धोट्याचं लोखंडी बोंड तसंच ठेवलं, तिथे पंखा फिरतो. उरलेल्यांच्या पट्ट्या कापून पंख. त्यातला एक धोटा मी कापताना उभा चिरफाळला. तो कुठे लपवला ते अजून कुणाला माहीत नाही. त्यामुळे लाकूड नेमकं पुरलं, कामाचा तुकडाही शिल्लक राहिला नाही. पंख आणि धडाचा मधला भाग मी एकजीव केला, सरसाने पक्का. खऱ्या झिरोत ते तसंच होतं, वजन वाचावं म्हणून. ते पुन्हा सुटं होणार नाही, याचा मला अभिमान वाटत होता. वर पॉलिश, आणि पंखांवर जपानी सूर्याचा लाल भडक गोल.

हळदीच्या दिवशी सकाळी मी ते न्यायला गेलो. माळ्याचं तोंड म्हणजे जमिनीत एक लांबट खाच. त्यातून दाजी लूमचे रिकामे बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे लांब रूळ, वर ओढून ठेवायचे; बाजूचा गोल जिना इतका अरुंद, की त्यातून माणूसच कसाबसा चढेल. मी विमानाला दोरी बांधली, नाक खाली करून सोडलं, आणि खट. दोन्ही पंखांची टोकं चौकटीवर टेकली. तिरकं केलं, तर शेपटी पत्र्याला ठेपली. उलटं केलं, तर नाक चौकटीत रुतलं. वरचा पत्रा सिमेंटचा, जुना. सोडवायला गेलं की फुटतो, आणि खाली दुसऱ्याचा माल.

खालून गोदामाचा सुपरवायझर, बनारसकडचा गडी, मान वर करून बघत होता. "चाचा, ये ऊपर गया कैसे?"

"ऊपरही बनाया।"

तो अगदी मायेने म्हणाला, "नीचे बना लेते।"

मी ताईला फोन केला, पण फोनवर बोलली भाची. हळद लागली की नवरीला घराबाहेर पडता येत नाही. हळद होती संध्याकाळी. ती तशीच रिक्षा करून आली, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी, हात छातीपुढे धरून, कशालाही न लावता. जिना कशी चढली देव जाणे. माळ्यावर येऊन तिने विमान बघितलं. पुढच्या बोंडाजवळ वाकली, हाताने शिवता येईना म्हणून गाल जवळ नेला. मला वाटलं आता रडेल. ती सरळ झाली आणि म्हणाली, "मामा, बिजागरी कुठाय?"

मी चौकटीच्या मापावर वीस वाक्यं बोललो.

"म्हणजे मला जेवू न देता शिकवलंस, ते तू स्वतः ऐकत नव्हतास."

मी तोडगा मांडला. टोकं छाटू. दोन काप, पाच मिनिटांचं काम. एकवीसचं बत्तीस होईल. जपान्यांनीही बिजागरीचा व्याप नको म्हणून टोकंच काढली होती, इतिहास आपल्या बाजूने आहे.

"आणि ती टोकं?"

"राहतील इथे."

ती म्हणाली, "बाबांचं काही माळ्यावर ठेवून मला जायचं नाहीये. लाकूड सगळं येईल माझ्याबरोबर. काप आणि बिजागरी लाव."

आता खरी पंचाईत. मी करवत हातात घेतली की काय होतं, ते त्या लपवलेल्या धोट्याला विचारा. पंख चिरला तर जोडायला त्या लाकडाचा कामाचा तुकडाही नव्हता. "तू धर, तुझा हात स्थिर आहे," म्हणालो, तर तिने मेंदीचे हात माझ्या नाकापुढे नाचवले. "रंग गेला तर सासू म्हणेल नवऱ्याचं प्रेम नाही. तूच काप." मग एका रिकाम्या बीमवर बसून ती हुकूम सोडायला लागली. "घाई नको. श्वास सोड. करवत ओढ, ढकलू नको. मामा, डोळे उघडे ठेव!" खाली सुपरवायझरने पार्सलं उचलायची थांबवली होती. त्याची माणसंही वर बघत उभी.

पहिलं टोक सुटलं. अख्खं. दुसरंही. मी एवढा खूश झालो की ओरडलो, आणि खालून टाळ्या पडल्या.

बिजागऱ्या भिंतीवर होत्या. दाजींच्या जुन्या लाकडी फ्यूजबॉक्सच्या झाकणाला दोन बारीक पितळी बिजागऱ्या. त्या काढल्या, बसवल्या. डावं टोक झकास वर दुमडलं. उजवं दुमडलं, पण खाली. मी बिजागरी उलटी लावली होती. स्क्रूची भोकं पडून गेलेली, पुन्हा पाडायची म्हणजे लाकूड फुटायचं. तिकडे ताईचा फोन, "पोरगी कुठे आहे? उटणं वाटून झालं!"

"राहू दे," भाची म्हणाली. "उतरतंय ना?"

उतरलं. एक टोक वर, एक टोक खाली, खाचेतून अगदी अलगद गेलं. चौकटीला निसटतासुद्धा धक्का नाही. सुपरवायझरने ते खाली लहान मूल घ्यावं तसं दोन्ही हातांत घेतलं आणि त्याने आणलेल्या ट्रॉलीवर, "नाजूक" लिहिलेल्या खोक्यावर ठेवलं.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये रुखवत मांडलं, तर नवाच प्रश्न. डावा पंख सरळ करून ठेवला की राहत होता, कारण त्याचं टोक वर जाणारं. उजवं टोक मात्र सोडलं की लटकायचं. त्याला खालून टेकू हवा. बायकोने इकडेतिकडे बघितलं, तिच्या बेसनाच्या लाडवांच्या ताटातला एक लाडू उचलला आणि टोकाखाली ठेवला. मापात बसला. बाहेरचं माप, आतलं माप, काही लागलं नाही. तिने नुसत्या नजरेने उंची घेतली.

वऱ्हाडी येऊन बघत होते. "राफेल आहे का?" कुणीतरी विचारलं. मी पुढे सरसावलो. सांगायचं होतं की महायुद्धातसुद्धा असंच व्हायचं, ब्रह्मदेशावरून आपल्या पूर्वेकडच्या आकाशात यायचं ते बहुतेक जपानी लष्कराचं हायाबुसा विमान असायचं, पण पाहणारा त्यालाही झिरोच म्हणायचा. बायकोने दंडाला चिमटा काढला. "राफेलच आहे," ती त्या माणसाला म्हणाली. तो समाधानाने गेला.

मग नवऱ्याची आजी आली. खेड्यातली ठणठणीत म्हातारी, नाकात मोठी नथ. तिने विमान निरखलं. भाची शेजारी उभी होती, हात एकमेकांत घट्ट. मेंदी चांगली चढली होती, पण तिचं लक्ष हातांवर नव्हतं. ते बापाचं लाकूड त्या घरात कसं घेतलं जाणार, एवढंच ती बघत होती, आणि मीही.

"काय हाय ह्ये?"

"विमान, आजी. माझ्या बाबांच्या मागाच्या धोट्यांचं आहे."

म्हातारीने धडावरून हात फिरवला, सावकाश, पुढच्या बोंडापासून शेपटीपर्यंत. "हात लागलाय याला," ती म्हणाली. "गुळगुळीत झालाय." मग पंखावरच्या लाल गोलावर बोट टेकवलं. "न् कुंकूपन लावलंय. बरं केलं. आमच्या घरात देवाच्या खालच्या फळीवर ठेवू."

भाचीने श्वास सोडला. मीही सोडला. इतक्या वर्षांत त्या लाल गोलाचं इतकं सरळ स्पष्टीकरण मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. ते खोडून काढावं असंही, पहिल्यांदाच, वाटलं नाही.

आजी खूश होऊन इकडेतिकडे बघत होती. रुखवतातलं काहीतरी तोंडात टाकायचा वरपक्षाचा हक्कच असतो. ताटात लाडवांचा डोंगर होता. तिने नेमका पंखाखालचा उचलला.

टोक खटकन खाली पडलं. विमान एका बाजूला कललं. आजीने कललेल्या विमानाकडे पाहिलं, हातातल्या लाडवाकडे पाहिलं, त्याचा एक घास घेतला आणि शांतपणे चावला.

"विमान कोनी केलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. भाचीनेसुद्धा.

"न् लाडू?"

सगळ्यांनी बायकोकडे.

म्हातारीने दुसरा घास घेतला आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "मंग विमानपन हिलाच कराया सांगायचं व्हतं ना."